प्रतिसाद: दोघंच असाल तर कटान नको
मूळ लेखात बोर्ड गेमच्या (पटावरच्या खेळांच्या) नवख्यांना 'कटान'पासून सुरुवात करा असं सुचवलंय. खेळ झकासच, १९९५ पासून उगाच नाही टिकलेला. पण तो ३-४ जणांचा. घरी दोघंच असाल तर खोका कपाटात पडून राहील, आमचा राहिला तसा. दोघांना 'कार्कासोन' बरा. ७२ चौकोनी तुकडे, एकेक उचलायचा आणि रस्त्याला रस्ता, शहराला शहर जुळवत लावायचा. समोरच्याचं शहर पुरं करणारा तुकडा नेमका आपल्या हाती येतो आणि आपण तो मुद्दाम दुसरीकडे टेकवतो, तेव्हा त्याचा चेहरा बघावा! भांडणं नको असतील तर 'पॅन्डेमिक', त्यात सगळे एकाच बाजूला. फक्त एखादा शहाणा सगळ्यांच्या चाली ठरवू लागला की मजा गेली. (आमच्यात तो मीच.)