गटारीला १० किलो चिकन: रस्सा रात्रीच शिजवून ठेवावा का?

रस्सेबाज
रविवारी सोसायटीत गटारीचं जेवण आहे. ४० माणसं, १० किलो चिकन, भात, भाकरी, कांदा-लिंबू. बेत असा: शनिवारी संध्याकाळी चिकन आणून धुवायचं, दही-हळद-आलं-लसूण लावायचं, रात्री अकरापर्यंत रस्सा शिजवून झाकून ठेवायचा आणि रविवारी साडेबाराला उकळी आणून वाढायचा. रस्सा मुरतोही आणि सकाळची धावपळही टळते. काही जण म्हणतात पावसाळ्यात हे जोखमीचं आहे, काही म्हणतात हळद-मीठ लावून उकळलं की जंतू मरतातच. शिवाय चिकन धुवायचंच नाही असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. दुकानातून आणलेलं चिकन न धुता कसं घ्यायचं?

पेट्रीडिश
रात्रभर झाकून ठेवणं रद्द करा. बाकी सगळं सावरता येईल, हे नाही.

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे कोंबडीच्या आतड्यातले जंतू. उकळत्या रश्श्यात दोन्ही मरतात, त्यांची काळजी पातेल्याबाहेर करायची. रश्श्यातला खरा चोर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचे बीजाणू (जंतूचं कवच धरलेलं, निद्रिस्त रूप) उकळूनही टिकतात, उलट उष्णतेने जागे होतात. उकळल्यामुळे रश्श्यातला ऑक्सिजन गेलेला असतो, आणि यांना तो नकोच असतो. साधारण १२ ते ५० अंशांत ते वाढतात. ४३-४५ अंशांना तर दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतात. एवढं मोठं झाकलेलं पातेलं रात्री अकराला खाली उतरवलं तर पहाटेसुद्धा मधला रस्सा कोमट लागतो. म्हणजे कित्येक तास त्यांना हवं तेच तापमान.

दुपारी ‘उकळी आणणं’ म्हणजे बहुतेक ठिकाणी कडेने बुडबुडे आले की गॅस बारीक. मधल्या फोडी तेव्हा कोमटच असतात. तळापासून ढवळत सगळा रस्सा पाच-दहा मिनिटं खदखदवला तर परफ्रिंजन्सच्या वाढलेल्या पेशी मरतात, हे खरं. पण कुणाच्या बोटावरच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस हा जंतू पडून रात्रभर वाढला असेल, तर त्याचं विष उकळूनही जात नाही. भाताचंही तसंच: शिजवून ठेवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरियस या जंतूचं उलटी आणणारं विष उकळीला दाद देत नाही. भात रात्री अजिबात करू नका.

कांदा-खोबरं भाजून वाटण शनिवारी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, वेळ तिथेच जातो. चिकन रविवारी सकाळी आणा आणि अकराच्या आत चढवा. वाढून होईपर्यंत रस्सा ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे, म्हणजे पातेल्याखाली मंद आच हवी. रात्रीच शिजवायचा हट्ट असेल तर पसरट परातींत जेमतेम दोन इंचांचा थर, परात बर्फाच्या पाण्यात, सतत ढवळणं: दोन तासांत २१ अंश, पुढच्या चार तासांत ५ अंश. घरगुती फ्रिजमध्ये गरम पातेलं ढकललं तर रस्सा गार होत नाही, फ्रिज गरम होतो.

भटारखाना
धुण्याबद्दल. ‘धुऊ नका’ हा सल्ला सगळ्याच कच्च्या चिकनसाठी आहे, पण तो पाळणं साफ करून आलेल्या पाकीटबंद चिकनला सोपं. ब्रिटनच्या अन्न विभागाने २०१४मध्ये तशी मोहीमच काढली होती, कारण तिकडे कॅम्पायलोबॅक्टरचा त्रास मोठा. त्या वर्षीच्या पाहणीत दुकानांतल्या ७३ टक्के ताज्या कोंबड्यांवर तो सापडला. आपल्याकडे पिसांसकट कातडी ओढून सोलतात, पिसांना लागलेला हात मांसाला लागतो, त्याच ओंडक्यावर दिवसभर तोडणी चालते. फोडींना हाडांचा चुरा आणि पिसं चिकटलेली असतात. ती काढावीच लागतात. जंतू मात्र धुतल्याने जात नाहीत, हे पक्कं धरून चाला.

तेव्हा नळाखाली धरू नका. खोल पातेल्यात आधी पाणी घ्या, चिकन हळूच सोडा, पाण्याखालीच हाताने चुरा काढा, पाणी न उडवता ओता. १० किलो असेल तर तीन-चार घाण्यांत करा. जवळपास कोथिंबीर, घासलेली भांडी, पिण्याचं पाणी नको. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चिकन धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या कच्च्या सॅलडमध्ये कोंबडीवरचे जंतू पोचले होते. आपलं सॅलड म्हणजे कांदा-लिंबू. तो सगळ्यात आधी, वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर चिरून झाकून ठेवा. चिकन धुणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही, आणि नळाची चावी कोपराने फिरवायची.

नंतर सिंक, फळी, सुरी साबणाने घासा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली साधं ब्लीच (४-५ टक्क्यांचं, बिनवासाचं) मिसळून दहा मिनिटं लावा आणि धुऊन टाका. साबणाआधी ब्लीच ओतलं तर ते चरबीवरच खर्ची पडतं. सिंकची फडकी त्या दिवशी फेकाच.

दही-हळदीने मांस मऊ होतं, चव लागते. जंतुनाशक म्हणून दोन्ही कुचकामी. मॅरिनेशन फ्रिजमध्येच, किंवा बर्फावर.

दवाखाना
एक भर. बाधा झालीच तर लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात आणि चुकतात. १ ते ६ तासांत नुसत्या उलट्या असतील तर स्टॅफिलोकॉकस किंवा शिळा भात. ६ ते २४ तासांत पोटात मुरडा, जुलाब, ताप नाही: परफ्रिंजन्स. साल्मोनेला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही, तापासकट. कॅम्पायलोबॅक्टर साधारण २ ते ५ दिवसांनी, कधी शौचातून रक्त. म्हणजे रविवारच्या चिकनचा त्रास बुधवारी सुरू होतो आणि बिचाऱ्या मंगळवारच्या वडापावला शिव्या बसतात.

ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका. घरात उरलेली अँटिबायोटिक तर नकोच. नेहमीच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला बरेच कॅम्पायलोबॅक्टर आता जुमानत नाहीत. लहान मूल, गरोदर बाई, सत्तरीपुढचं माणूस असेल तर वाट न पाहता दाखवा.

रस्सेबाज
ठरलं, रविवारी सकाळीच. दोन शंका. शिजूनही हाडाजवळ लालसर दिसतं, ते कच्चं का? आणि मुलांसाठी अळणी (बिनतिखटाचा रस्सा) आधी काढतो, कलेजी-पेटाही त्यातच देतो, चालेल ना?

पेट्रीडिश
ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो, हाडं पुरती पक्की नसतात, आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. गोठवलेल्या चिकनमध्ये तर जास्तच. रंगावरून काही ठरवू नका, प्रोब थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. तंगडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दाखवले की शिजलं. उकळत्या रश्श्यात हे होतंच. सोबत तंदुरी असेल तर तिथे तपासा.

अळणी उकळी आल्याबरोबर काढू नका. १० किलोच्या पातेल्यात थंड फोडी पडल्या की उकळी बसते. ती परत आल्यापासून निदान अर्धा तास जाऊ द्या. कलेजी आतूनही घट्ट आणि एका रंगाची हवी, कारण कॅम्पायलोबॅक्टर तिच्या आतही असतो, नुसता वरून नाही. पेटा चिवट, त्याला वेळ लागतोच. आणि कच्च्या चिकनमध्ये फिरवलेल्या पळीने मुलांच्या वाटीत अळणी ओतू नका, वाढायला वेगळी पळी ठेवा.