मदत हवी आहे: भोसरी-चाकणच्या कारखान्यांना आज काय शिकलेली मुलं हवीत?

नमस्कार मंडळी. मी पिंपरी-चिंचवडला आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, आहे. चाकण पट्ट्यात इलेक्ट्रिक गाड्यांचं काम वाढतंय, तिथे बॅटरी पॅक, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर), रोबोट वेल्डिंग जाणणारी मुलं मागतात. आमच्या वर्कशॉपात अजून डिझेल इंजिनच उघडतात. पाया हवाच, कानस नीट मारता न येणारा फिटर मला पटत नाही. पण त्यापुढे काय?

ड्युअल सिस्टीममध्ये (काही शिक्षण आयटीआयत, काही कंपनीत) कंपनीशी करार करून मुलांना कंपनीत शिकायला पाठवता येतं. मोठ्या कंपन्या निदान बोलायला तयार असतात. भोसरीतल्या वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपना यात कसं आणायचं? त्यांच्याकडे एचआर नसतो, मालकच मशीनवर उभा असतो. कुणी अशा पाच-सहा मालकांना एकत्र आणून करार केलाय का? मालक मंडळींनो, नवीन पोरगा आल्यावर पहिल्या महिन्यात कुठे अडतो, तेही कृपया सांगा.