चर्चा: जमीन दान मिळते आहे, प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी आजीवन वसतिगृह काढावे का?

धागाकर्ता: कर्मशाळेचा विश्वस्त

आमची संस्था एका तालुक्याच्या गावी गेली 19 वर्षे बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी विनाअनुदानित कर्मशाळा चालवते. पटावर 42 जण आहेत. त्यांतील थोरला 53 वर्षांचा असूनही आम्ही सगळ्यांना 'मुले'च म्हणतो. ही सवय चुकीची आहे हे कळते, पण सुटत नाही. सकाळी दहा ते साडेचार या वेळात फुलवाती, कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या सुमारास उटणे व रंगवलेल्या पणत्या असे काम चालते. एकाला पाचापुढे मोजता येत नाही, म्हणून आमच्या शिक्षिकेने अंड्यांच्या ट्रेमधील दहा खळगे लाल रंगाने रंगवून दिले. तो प्रत्येक खळग्यात एक वात ठेवतो आणि सगळे लाल खळगे झाकले गेले की पुडी बांधायला पुढे सरकवतो. त्याच्या पुडीत नऊ किंवा अकरा वाती निघाल्याची तक्रार आजवर आलेली नाही.

आता एक देणगीदार गावापासून नऊ किलोमीटरवरची तीन एकर जमीन संस्थेला देऊ इच्छितात. अट एकच आहे की तिथे आजीवन निवासी केंद्र उभारावे. कार्यकारी मंडळात उभी फूट पडली आहे. माझे मत असे आहे की ही जमीन नम्रपणे नाकारावी, आणि त्याची कारणे मुख्यतः हिशेबाची आहेत.

आठवड्याचे तास 168 असतात आणि एक माणूस 48 तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक मदतनीस हजर ठेवायचा, तर साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरले, तर चार. वीस निवासींमागे कोणत्याही वेळी दोन मदतनीस हवेत असे मानले, तर आठ माणसे झाली. प्रत्येकी 15,000 रुपये पगार धरल्यास महिन्याचे 1,20,000 रुपये, म्हणजे दर निवासीमागे 6,000 रुपये होतात, आणि यात अजून भाताचे शीतसुद्धा आलेले नाही. पालक म्हणतात, ठेव घ्या. दहा लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी महिन्याला 5,800 रुपयांच्या आसपास व्याज येते. खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो, ठेव मात्र आहे तेवढीच राहते. तीस वर्षांच्या तरुणाला आजीवन सांभाळण्याचा शब्द आपण आज देणार, आणि तो पाळण्याची वेळ येईल तेव्हा आपल्यापैकी कोणी विश्वस्त हयात नसेल. त्यापेक्षा तेवढ्याच कष्टात दुसरी गाडी, एक फिजिओथेरपिस्ट आणि चार शिक्षिकांना मानाने जगता येईल इतका पगार, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रतिसाद 1: अडुसष्टीतली आई

विश्वस्त महोदय, आपला हिशेब चोख आहे, पण तो साडेचार वाजता संपतो. माझ्या मुलाचे वय 41 आहे. गाडी त्याला फाटकाशी सोडते, त्यानंतरचे साडेसतरा तास आपल्या कोष्टकात कुठेच नाहीत.

मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी मी रुग्णालयात असताना शेजाऱ्यांनी चांगुलपणाने मुलाला ठेवून घेतले. तो तीन रात्री त्यांच्या सोफ्यावर चपला घालून ताठ बसून होता, कारण आई न्यायला येईल तेव्हा तयार असायला हवे अशी त्याची समजूत होती. आकडीची गोळी रात्री आठला द्यायची, हे मी रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या फोनवर सांगितले. एक दिवस ती चुकली आणि त्याला झटका आला. यात त्या शेजाऱ्यांचा दोष काय? ते त्याला सांभाळायला बांधलेले नव्हते.

'आमच्यामागे याचे कोण?' हा प्रश्न दर पालकसभेत निघतो आणि दर वेळी चहा आला की थांबतो. कुटुंबातच ठेवा, समाजातच ठेवा, असे जे म्हटले जाते, त्याचा व्यवहारातील अर्थ मी सांगते: आधी आईकडे ठेवा आणि मग वहिनीकडे ठेवा. मला सून नाही. मुलगी बंगळूरला असते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून मुलाचे कायदेशीर पालकत्व आम्ही तिच्या नावे मंजूर करून घेतले आहे. पण त्या कागदाने सहीचा प्रश्न सुटला, रात्रीचा नाही.

पालकांनी हे आधी केलेले नाही असेही नाही. बदलापूरला 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' ही दोन्ही कामे पालकांनीच उभी केली. त्यांनी आपल्यासारखे भागाकार केले असते, तर पहिली वीटही रचली गेली नसती.

प्रतिसाद 2: विशेष शिक्षिका

काकूंचे दुःख मला ठाऊक आहे आणि तरीही मी जमिनीच्या विरोधात आहे, मात्र विश्वस्तांच्या कारणासाठी नाही. माझा आक्षेप त्या नऊ किलोमीटरवर आहे.

आपल्या राज्याचा इतिहास पाहावा. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, आणि पाळीच्या दिवसांतील स्वच्छता सांभाळता येत नाही हे त्याचे समर्थन म्हणून जाहीरपणे दिले गेले. 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गृहातील मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. एक शासकीय होते, दुसरे खाजगी, म्हणजे मालकी कोणाची यावर काही ठरत नाही. दोन्हीकडे ज्यांना स्वतःवर काय घडले ते नीट सांगता येत नाही, अशी माणसे भिंतीआड होती आणि रोज सहज आत डोकावणारे कोणी नव्हते. गावातल्या कर्मशाळेत दूधवाला येतो, पोस्टमन येतो, समोरच्या किराणा दुकानदाराला आमच्या निम्म्या मुलांची नावे येतात; एखादा चार दिवस दिसला नाही, तर तो विचारतो. माळरानावर हे विचारणारे कोण असणार?

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क सांगितलेला आहे. तो हक्क घरी शिकवावा लागतो आणि आपण तो शिकवत नाही. आमच्या वर्गात चाळिशीतल्या माणसाला शर्ट कोणता घालायचा हे आजवर कोणी विचारलेले नसते. माझी सूचना अशी की गावातच चार-पाच जणांसाठी एक घर भाड्याने घ्यावे, आधी महिन्यातून दोन रात्री मुक्काम, मग आठवडा, असे हळूहळू वाढवत न्यावे. आईच्या मृत्यूच्या तिसऱ्या दिवशी मुलाला अनोळखी वसतिगृहात पोचवण्यापेक्षा, आई धडधाकट असताना तिने त्याला तिथे सोडून परत येणे हे दोघांसाठीही कमी क्रूर आहे.

प्रतिसाद 3: पडताळा

बाईंची सूचना ऐकायला गोड आहे. आम्ही शहरात ती करून पाहिली. तीन दलालांनी घर दाखवले आणि कोणासाठी ते कळताच तिघांनीही फोन उचलणे सोडले. चौथे घर मिळाले, तर सोसायटीच्या सभेत 'लिफ्टमध्ये लहान मुले घाबरतील' असे कारण देऊन विरोध झाला. शेवटी नादच सोडला.

प्रतिसाद 4: हिशेबनीस

धर्मादाय संस्थांचे हिशेब लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, म्हणून थोडे रुक्ष लिहितो.

दानात मिळालेली जमीन ही दिसते तितकी फुकट नसते. एकदा ती संस्थेच्या नावे झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती विकता येत नाही. उद्या केंद्र चालले नाही, तर तीन एकर गवत आणि एक अर्धवट इमारत सांभाळण्याचे काम नव्या विश्वस्तांच्या गळ्यात पडते. अशा इमारती मी पाहिल्या आहेत, त्यांत कबुतरे उत्तम राहतात. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही, तेव्हा 'आधी सुरू करू, कागद मागाहून' हा आपला आवडता मार्ग इथे उपयोगाचा नाही.

मात्र विश्वस्तांच्या पर्यायालाही मी 'प्रामाणिक' हे विशेषण इतक्या लवकर लावणार नाही. दुसरी गाडी मिळेल, कारण गाडीच्या पाठीवर देणगीदाराचे नाव रंगवता येते. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण त्यांच्याकडे प्रस्ताव घेऊन जा आणि शिक्षिकांचे पगार मागा. पहिला प्रश्न येतो की प्रकल्प किती वर्षांत स्वावलंबी होईल. अहो, जो मुलगा जन्मभर स्वावलंबी होणार नाही, त्याची कर्मशाळा तीन वर्षांत कशी होईल? त्या अर्जातील रकान्यात काय लिहावे, हे मला आजही सुचत नाही. परदेशी देणग्यांचा मार्ग असलेल्या संस्थांनाही त्या देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत बसवावा लागतो, पूर्वी ती मर्यादा पन्नास टक्के होती. त्यामुळे भिंतींना पैसे मिळतात, माणसांना मिळत नाहीत. वसतिगृहे निघतात ती बरेचदा गरजेपोटी नव्हे, तर इमारतीला पैसा मिळतो म्हणून.

प्रतिसाद 5: पश्चिम किनारा

मी बावीस वर्षे कॅलिफोर्नियात आहे, माझी मुलगी स्वमग्न आहे. शिक्षिकाबाई जे सुचवत आहेत ते इथे घडले, म्हणून त्याची किंमतही सांगतो. 1969 च्या लँटरमन कायद्याने अशा व्यक्तींना सेवा मिळणे हा राज्याकडे मागता येणारा हक्क ठरवला. राज्यभर 21 प्रादेशिक केंद्रे आहेत, ती स्वतः ना-नफा संस्था असून राज्याच्या पैशावर चालतात. सोनोमा येथील जुनी, अवाढव्य निवासी संस्था 2018 च्या अखेरीस बंद झाली आणि तिथले रहिवासी लहान घरांत गेले. हे चांगले झाले. परंतु या लहान घरांमागे सरकारी तिजोरी उभी आहे, आणि तरीही मदतनीस टिकत नाहीत, कारण शेजारच्या गोदामात तासाला त्याहून जास्त मिळतात. तिजोरी नसताना केवळ घराचा आकार लहान ठेवून तुमच्या तालुक्यात तोच परिणाम येईल, असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद 6: अडुसष्टीतली आई

शिरूरचे नाव घेऊन मला गप्प करू नये. तेव्हाही माझ्या पोटात कालवले होते. पण संस्था वाईट निघते ती माळरानामुळेच, हे मला पटत नाही. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा अनाथांना बालगृहाबाहेर काढू नये ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आहेत. ते गाव काही मोठ्या शहराच्या चौकात नाही.

प्रतिसाद 7: विशेष शिक्षिका

काकू, वझ्झरविषयी मलाही आदर आहे. परंतु ते एका माणसाच्या आयुष्यावर उभे आहे, आणि विश्वस्तांचा मूळ प्रश्न त्या माणसाच्या पश्चातचाच होता. आपल्या संस्थेत असा कोण आहे? मी नाही. मला संध्याकाळी घरी जायचे असते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

प्रतिसाद 8: धागाकर्ता

साडेसतरा तासांचा मुद्दा मला लागला, हे कबूल करतो. माझी आकडेमोड खोटी नाही, पण मी ती निर्णय टाळण्यासाठी वापरत होतो.

मधल्या काळात आम्ही एक गोष्ट केली, जी खरे तर एकोणीस वर्षांपूर्वीच करायला हवी होती: शिक्षिकांनी छायाचित्रे दाखवून मुलांनाच विचारले. वसतिगृहाचे चित्र, लहान घराचे चित्र, स्वतःच्या घराचे चित्र. बहुतेकांनी स्वतःच्या घरावर बोट ठेवले, त्यात नवल नाही. सात जणांनी लहान घर निवडले. त्यांतल्या एकीने कारणही सांगितले: 'तिथे दादा ओरडणार नाही.' या वाक्यानंतर त्या दिवशी वर्ग पुढे नेता आला नाही. ही माहिती आम्ही काय करायची, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर दोन विश्वस्त तिच्या घरी जाऊन आले आहेत.

देणगीदारांना विचारले की माळावरच्या जमिनीऐवजी गावातल्या त्यांच्या जुन्या वाड्याचा तळमजला देता येईल का. ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. वडिलांच्या नावाचा फलक दर्शनी भागात बसेल का, एवढे विचारले. फलक बसेल. सोसायटीचा प्रश्न तिथे येणार नाही, कारण वाडा त्यांचाच आहे. तोवर येत्या शनिवारी कर्मशाळेच्या मागच्या खोलीत चार जणांचा पहिला मुक्काम ठरवला आहे. मदतनीस मावशी आणि मी स्वतः थांबणार आहे. माळावरची जमीन मात्र मंडळाने तूर्त घेतलेलीही नाही आणि नाकारलेलीही नाही.

प्रतिसाद 9: अडुसष्टीतली आई

नाकारू नका, हे माझे मत अजूनही कायम आहे. चार जणांच्या घराने बेचाळिसांचे भागत नाही.

शनिवारच्या चौघांत माझा मुलगा असेल, तर पिशवीत गोळ्यांची डबी ठेवते. रात्री आठची गोळी दुधाबरोबर नको, पाण्याबरोबर द्यावी. झोपताना तो चपला काढणार नाही. काढायला लावू नका, दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने तो आपण होऊन काढतो. आणि मी त्या रात्री फाटकाशी येऊन थांबले, तर विश्वस्त महोदयांनी मला आत घेऊ नये.