प्रति: उद्यानातली झुकलेली झाडं सरसकट तोडावीत का?

वर सुचवलंय की पावसाळ्याआधी झुकलेली झाडं काढून टाकावीत. नुसता झुकाव पुरावा नाही. वर्षानुवर्षं कललेलं झाड खोडाला बाक देऊन स्वतःला सावरतं. खरी भीती नव्या झुकावाची: कलाच्या उलट बाजूची माती उचललेली, तडकलेली दिसली की बाकडी, झोपाळे लगेच हलवा आणि दोरी बांधून जागा बंद करा.

मग बुंधा बघा. तळाशी गॅनोडर्मा या बुरशीची कडक, तपकिरी अळंबी म्हणजे मुळं कुजताहेत, वर पालवी कितीही हिरवी असो. लाकडी हातोड्याने ठोकून पोकळी ओळखा. शाबूत लाकडाची जाडी त्रिज्येच्या एक-तृतीयांशाहून कमी असेल तर तज्ज्ञ बोलवा. मुंबईत गुलमोहर, सोनमोहर आधी तपासावेत. बुंध्याला भिडलेलं काँक्रीट फोडताना मात्र ब्रेकर नको, मुळं तुटतात.

शेंडा छाटणं तर सर्वांत वाईट (तरी दर मे महिन्यात तेच चालतं!). तिथून फुटणारे धुमारे वरवरच चिकटलेले असतात, जाड झाले की निखळतात. जड फांदीला आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून काप, मग किंचित पुढे वरून. उरलेला खुंट बुडाच्या फुगीर कड्याबाहेर कापा. खालचा काप आधी दिला नाही तर साल खोडापर्यंत सोलते.

छाटणीलाही महापालिकेची परवानगी लागते. फांदी लटकत असेल तर मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा.