बाल्डरिकचे ‘होनोरेस’ काढले म्हणजे नेमकं काय काढलं?

प्रश्न:
फ्रँकांच्या (मध्ययुगात पश्चिम युरोपात राज्य करणाऱ्यांच्या) दरबारी शकावलीतलं इ. स. ८२८ चं एक लॅटिन वाक्य मराठीत आणतोय. फ्रिउलीचा (इटलीच्या ईशान्य टोकाचा) ‘डुक्स’, म्हणजे प्रांताचा लष्करी प्रमुख, बाल्डरिक याच्या ‘इग्नाविया’मुळे बल्गारांच्या फौजेने वरच्या पॅनोनियाचा (मध्य डॅन्यूबकाठच्या प्रांताचा) सीमाभाग बिनदिक्कत उजाड केला, म्हणून त्याचे ‘होनोरेस’ काढून घेतले आणि तो एकटा सांभाळत होता ती ‘मार्का’ चार काउंटांत वाटली. मी लिहिलंय, ‘भित्रेपणामुळे त्याचा सन्मान काढून घेण्यात आला.’ वाचताना वाटतं, कुणी शाल-श्रीफळ परत मागितलंय!

प्रतिसाद:
शाल-श्रीफळ नकोच. होनोर म्हणजे हुद्दा आणि त्या हुद्द्याबरोबर मिळणारा मुलूख, दोन्ही एकत्र. ‘मानमरातब’ कानाला बरा वाटतो, मरातब मुळात दर्जेच; पण आज तो वाजंत्री आणि मिरवणुकीकडे झुकलाय. ‘वतन’ चूक, कारण वतन पिढीजात. माझं मत ‘सरंजाम’. चाकरीसाठी दिलेला, चाकरीत कसूर झाली तर सरकारजमा होणारा. पुढे सरंजामही घराण्यांत मुरले, पण फ्रँकांकडे तरी वेगळं काय झालं?

प्रतिसाद:
सरंजाम म्हटलं की डोळ्यांपुढे पेशवाई येते. ‘हुद्दे आणि मुलूख’ असं सरळ लिहा. आणि ‘सीमाभाग’ आधी खोडा, मराठी वाचक थेट बेळगावात पोचेल! मार्का मात्र नकाशावरची रेघ नाही, लष्करी बंदोबस्ताचा अख्खा पट्टा आहे. ‘सरहद्द’ रेघेसाठी ठेवा, मार्कासाठी ‘सरहद्दीचा सुभा’. जाता जाता: फारसी ‘मर्झ’ हा याच मार्काचा दूरचा भाऊ. मर्झ राखणारा तो मर्झबान. दरवानातला ‘वान’ तोच ‘बान’. मुंबईत फोर्टातल्या मर्झबान रोडवरून जाताना आपण सीमारक्षकाच्या रस्त्यावरून जात असतो.

प्रश्नकर्ता:
सुभा आवडला. मग डुक्सला सुभेदार म्हणू का? ‘ड्यूक’ लिहिलं की बग्गीतला इंग्रज उमराव दिसतो.

प्रतिसाद:
इथे चालेल. डुक्स म्हणजे मुळात पुढे होऊन नेणारा, आपल्या ‘नायक’सारखाच ‘नेणे’मधून आलेला. बाल्डरिकला गादी वारशाने मिळालेली नव्हती. ८१९ मध्ये बंडखोर स्लाव सरदार ल्युदेवित याच्यावरच्या मोहिमेहून परतताना आधीचा डुक्स कादोला तापाने गेला, त्याच्या जागी हा नेमला गेला. नेमलेला माणूस काढताही येतो. मात्र सुभेदार लिहिलंत तर पहिल्यांदा कंसात ‘डुक्स’ ठेवा.

आणि कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, सगळ्यात चुकलेला शब्द ‘भित्रेपणा’ आहे. हाच बाल्डरिक नेमणूक होताच कॅरिंथियात (आजच्या ऑस्ट्रियाच्या दक्षिणेत) शिरला आणि द्रावा नदीकाठी मूठभर लोकांनिशी ल्युदेवितच्या फौजेवर तुटून पडला, तिला प्रांताबाहेर हाकललं. शकावलीच तसं सांगते. इग्नावियात भित्रेपणा आणि सुस्ती दोन्ही बसतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: कुचराई. कुचराई करणारा भित्रा असेल किंवा आळशी, शब्द निवाडा करत नाही. ८२७ मध्ये बल्गार द्रावेवरून होड्यांतून वर आले, तेव्हा बाल्डरिक घाबरला की गाफील राहिला, ते अनुवादकाने ठरवू नये. शिवाय बल्गारांचे वकील सीमा ठरवून मागत होते आणि फ्रँकांचा बादशहा लुई उत्तर लांबवत होता. दोष मात्र सुभेदाराच्या माथी.

प्रश्नकर्ता:
आता असं केलंय: ‘सुभेदार (डुक्स) बाल्डरिकच्या कुचराईने बल्गारांच्या फौजेने वरच्या पॅनोनियाची सरहद्द बिनदिक्कत उजाड केली, म्हणून त्याचे हुद्दे व मुलूख काढून घेतले आणि सरहद्दीचा सुभा चार काउंटांत वाटून दिला.’

प्रतिसाद:
‘तो एकटा सांभाळत होता’ गाळलंत. ते परत घाला. एकाचे चार का केले, ते त्या ‘एकटा’मध्येच आहे.