कर्क्युमिन सुरू केलं तर दम्याचा पंप सुटतो का?

सांगलीचा_दिवाणजी
मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मंडळीला जुना दमा. मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलंय की हळदीतलं कर्क्युमिन श्वासनळीच्या स्नायूंची वाढ थांबवतं, प्रयोगात सिद्ध झालंय. सोबत कॅप्सूलची डबी, वर 'मिरीच्या अर्कासह' छापलेलं. पंप हळूहळू बंद करा म्हणतोय. शेअर बाजारावरही तो एवढ्याच खात्रीनं बोलतो, म्हणून इथं विचारतोय.

हरिपूरची_लेक
कॅप्सूल कशाला? दारात एवढी राजापुरी हळद पडलीय, रात्री दुधात अर्धा चमचा द्या.

पेशीवाली
औषधशास्त्र शिकवते. मेव्हण्यांचं अर्धं बरोबर आहे. जुन्या दम्यात श्वासनळीभोवतीच्या स्नायूंच्या पेशी वाढतात, थर जाड होतो आणि नळी आकसली की वाट आणखी अरुंद होते. प्रयोगात उंदराच्या या पेशी बशीत ठेवून पीडीजीएफ नावाचं प्रथिन दिलं की त्या भराभर वाढतात. कर्क्युमिन घातलं की वाढ मंदावते. पण बशीत ते थेट पेशींवर पडतं. पोटातून घेतलेलं आतडं आणि यकृतच बदलून टाकतात, रक्तात जेमतेम पोचतं. शिवाय ते रंगीत, प्रथिनांना चिकटणारं, चाचण्यांना चकवणारं; बशीतल्या निकालांवर मी तरी बेतानंच विश्वास ठेवते.

ताई, दुधाचं म्हणाल तर हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. अर्ध्या चमच्यात पन्नासेक मिलिग्रॅम. प्या खुशाल, पण ते औषध नव्हे.

मिरी घालतात ती तिच्यातल्या पायपरिन या द्रव्यासाठी. १९९८ च्या बंगळूरच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसांच्या रक्तात कर्क्युमिन २००० टक्के जास्त मिळालं. माझी खरी काळजी तिथंच आहे. यकृताला कर्क्युमिन मोडण्यापासून जे रोखतं, ते दुसरी औषधं मोडण्यापासूनही रोखतं. वहिनी थिओफायलिन हे दम्याचं औषध घेतात का? डेरिफायलिन वगैरे?

सांगलीचा_दिवाणजी
घेते की! रात्रीची गोळी तीच आहे.

पेशीवाली
मग डबी आजच बाजूला ठेवा. पायपरिननं थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि त्या औषधात गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. मळमळ, छातीत धडधड, जास्तच झालं तर झटके. कॅप्सूल घेऊन झाल्या असतील तर डॉक्टरांना डबी दाखवा. पंप सोडायचा नाही. त्यातलं स्टिरॉइड सूज आटोक्यात ठेवतं, ते बंद झालं की दमा उसळतो.

सांगलीचा_दिवाणजी
दोनच घेतल्यात, उद्या डबी घेऊन जातो. आता हेही सांगा, सौद्याच्या हंगामात माझा सदरा पिवळाधमक होऊन घरी येतो. हळदीच्या पॉलिशची धूळ हो. त्याचा तिला त्रास?

पेशीवाली
होऊ शकतो, कुठल्याही बारीक धुळीचा होतो. सदरा घरात झटकू नका. दुकानातच बदला, तिकडंच पिशवीत बांधा, आणि धुणं वहिनींकडं देऊ नका.

हरिपूरची_लेक
म्हणजे आता धुणं दिवाणजींकडं 😄