सिग्नलवर तापणारी वापरलेली स्पोर्ट बाइक: थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

धंतोलीकर:
नमस्कार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ओळखीतून एमएच-३१ पासिंगची एक वापरलेली स्पोर्ट बाइक घेतली. पूर्ण फेअरिंग (बाजूची प्लास्टिकची आवरणे), एक सिलिंडर, २५० सीसी, फ्युएल इंजेक्शन, लिक्विड कूलिंग. मीटरवर २६,४०० किलोमीटर. व्यवहारापूर्वी सकाळी साडेसहा वाजता अंबाझरीच्या बाजूने ती फिरवून पाहिली, तेव्हा कसलीच खोट जाणवली नाही. ती चक्कर दुपारी दोनला मारायला हवी होती, हे आता कळते आहे.

व्हरायटी चौकात किंवा अजनी चौकात भर दुपारी दोन-तीन मिनिटे थांबावे लागले की तापमानाच्या काड्या भराभर चढतात आणि लाल दिवा लागतो. वर्धा रोडवर चिंचभवनच्या पुढे गाडी मोकळी सुटली की त्याच काड्या पाच मिनिटांत खाली येतात. रेडिएटरच्या पंख्याचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. शिवाय तापलेली गाडी बंद करून पुन्हा सुरू करू गेल्यास स्टार्टर नुसता कटकट करतो. घराजवळच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅटचे (म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचे) काहीच काम नसते, तो काढून टाकू म्हणजे पाणी मोकळे फिरेल. हे करावे का? नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे, म्हणून विचारतो.

जुना स्वार:
आपल्या वर्णनातच निम्मे निदान आहे. धावताना गाडी थंड राहते याचा अर्थ कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) फिरते आहे आणि रेडिएटरही काम करतो आहे. कमी पडते ती हवा. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. मोकळ्या रस्त्यावर ७०-८० च्या वेगातही काड्या चढत राहिल्या असत्या, तर मी थर्मोस्टॅट, वॉटर पंप, आतून चोंदलेला रेडिएटर किंवा हेड गॅस्केट यांच्यावर संशय घेतला असता.

थर्मोस्टॅट काढू नये. तो साधारण ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि लाल दिवा लागेपर्यंत पूर्ण उघडलेलाच असतो. तेव्हा सिग्नलवर तो असला काय नि नसला काय, सारखेच. फरक पडेल तो डिसेंबरातल्या सकाळी. इंजिन लवकर गरम होणार नाही, ते अजून थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहील, आणि मायलेज का घसरले याचा शोध आपण दुसऱ्याच ठिकाणी घेत बसाल. तरीही शंका असेल, तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावे. उकळी फुटण्यापूर्वी त्याची झडप डोळ्यांदेखत उघडली पाहिजे. (पातेले स्वयंपाकघरातले नसावे, कूलंट विषारी असते.)

आधी पंखा तपासावा. त्याचा कनेक्टर सोडवून, मध्ये फ्यूज घालून, बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्यावेत. फिरला नाही तर मोटर गेली. फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि तापमानाचा सेन्सर असे एकेक करून मागे जावे. सेन्सर सर्वांत शेवटी, कारण महाग भाग आधी बदलून पाहण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

महाल ते मानकापूर:
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र पंख्याबरोबरच कूलंटही पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडावे. बाजूच्या टाकीतली पातळी पाहून समाधान मानू नये, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असेही घडते. गरम असताना झाकणाला हात लावू नये, आतले पाणी दाबाने अंगावर उसळते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण व झाकणाने धरलेला दाब यांमुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो. नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले की ही सोय कमी होते आणि वर क्षार व गंज साचतात. नवे कूलंट भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन चालू द्यावे, गाडी डावी-उजवीकडे झुकवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहावे. आत अडकलेली हवा हेदेखील तापण्याचे एक कारण असते. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते, तिथे ओल दिसली तर पंपाचे सील गेले असे समजावे.

स्टार्टरचा प्रश्न वेगळा असावा. मल्टिमीटर लावून गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज मोजावे, ते १२.६ च्या जवळ हवे. स्टार्टर दाबताना ते साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आली आहे. इंजिन ५,००० आरपीएमवर असताना १३.५ ते १४.५ मिळावेत. त्याहून कमी असल्यास स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) पाहावा; १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटरच दोषी, आणि तसाच चालवला तर नवी बॅटरीही खराब करेल.

जाता जाता टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी एवढ्या जुन्या रबराची पकड भरवशाची नसते. ब्रेक ऑइलही बदलून घ्यावे, ते हवेतली ओल शोषते.

धंतोलीकर:
दोघांचेही आभार. रविवारी सकाळी फेअरिंग उतरवली. डाव्या बाजूच्या दोन बोल्टांच्या जागी काळे केबल टाय बांधलेले होते. रेडिएटरची पट्टी बोटभर आत वाकलेली, आणि पंख्याची वायर ती पट्टी व फ्रेम यांच्यामध्ये चेंगरून आतली तांब्याची तार उघडी पडलेली. फ्यूज अर्थातच उडालेला. थेट १२ व्होल्ट दिल्यावर पंखा लगेच फिरला. कूलंट म्हणून जे निघाले त्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा होता. वायर दुरुस्त करून ती लांबून फिरवली, मूळ क्षमतेचाच फ्यूज टाकला, दोनदा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवे कूलंट भरले. काल दुपारी कॉटन मार्केट चौकात पाच काड्यांवर पंखा घरघरला आणि सहावी काडी आलीच नाही. बॅटरी रात्रीनंतर १२.१, स्टार्टर दाबताना ८.७, चार्जिंग मात्र १४.१; त्यामुळे नवी बॅटरी घेतली. विक्रेत्यांनी गाडी कधीच पडली नाही असे सांगितले होते.

जुना स्वार:
पट्टी बोटभर वाकली म्हणजे गाडी डाव्या बाजूवर नीट आपटलेली आहे. तेव्हा रामटेककडे लांब फेरी मारण्यापूर्वी पुढचे चाक तपासून घ्यावे. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक जमिनीपासून उचलावे आणि हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे; मध्यावर खाच लागल्यासारखे वाटले तर हेड बेअरिंग (हँडल ज्यावर फिरते ते) गेले. फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) दोन्ही नळ्यांवर समोरून नजर लावून त्या समांतर आहेत का ते पाहावे, आणि सीलखालच्या नळीवर स्वच्छ कागद फिरवून तेलाचा डाग येतो का हेही पाहावे. सरळ रस्त्यावर, कमी वेगात, हँडल एका बाजूला धरूनच गाडी सरळ जात असेल, तर फोर्क उतरवून जिगवर (सरळपणा मोजायच्या साच्यावर) तपासून घेतल्याशिवाय ती वेगात चालवू नये.